घरची भाषा: वरीलप्रमाणे

पहिलीच्या वर्गाचा तक्ता भरायला मला जेमतेम अर्धा तास लागला, आणि त्याचा मला तेव्हा अभिमानही वाटला होता. लातूरच्या जुन्या भागातली आमची शाळा, चौतीस लेकरं, प्रत्येकाचे पंधरा-सोळा रकाने. नाव, आईचं नाव, उंची, वजन, असं करत करत अकरावा रकाना होता 'घरी बोलली जाणारी भाषा'. पहिल्या ओळीत मी 'मराठी' असं सुवाच्य लिहिलं आणि खाली थेट शेवटच्या ओळीपर्यंत 'वरीलप्रमाणे'च्या त्या दोन बारीक रेघा मारत गेले. माझ्या रेघा फार एकसारख्या येतात.

खरं काय ते मला माहीत नव्हतं असं नाही. रोज त्याच गल्लीतून पायी शाळेत जाते मी. पहिल्या दोन घरांत दखनी ऐकू येते, पुढे बांगड्यांच्या दुकानावरच्या माडीत मारवाडी, कोपऱ्यावरच्या घरात आजी नातवंडांवर कानडीत ओरडते, आणि पत्र्याच्या खोल्यांतून कधी बंजाऱ्यांची गोरमाटी तर कधी तेलुगू. पण आमच्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "मराठी टाका अन् मोकळ्या व्हा. दुसरी भाषा लिवली की मागचं परिशिष्ट भरावं लागतंय, प्रत्येक लेकराचं येगळं. उपाययोजना काय केली, फोटो कुठंय. कोण भरत बसतंय?" त्यांच्यावर ढकलून द्यायला सोपं आहे. पण पेन माझ्या हातात होतं, आणि परिशिष्टाचा कंटाळा हे अर्धंच कारण होतं.

उरलेलं अर्धं कारण सांगायला मला नांदेडला जावं लागेल.

नांदेडच्या जुन्या गावात, नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत आमचं घर. घरात माग, वडील मागावर, आणि बोलणं सगळं तेलुगू. आमची तेलुगूही काही पुस्तकातली नव्हे. तिच्यात मराठी, दखनी, जे लागेल ते टाकलेलं. गल्लीच्या तोंडाशी सरदारजींचं घर, ते आपसांत पंजाबी आणि आमच्याशी दखनी बोलायचे. शेजारच्या खाला भिंतीपलीकडून दखनीत विचारायच्या, माझी आई अलीकडून तेलुगूत उत्तर द्यायची, आणि अर्धा तास दोघींचं काही अडायचं नाही. समोर एक बौद्ध कुटुंब होतं. त्यातले काका जिल्हा परिषदेत नोकरीला होते. मी वक्तृत्व स्पर्धेत भाग घेते म्हटल्यावर त्यांनी मला संध्याकाळी ओट्यावर उभं करून बोलायला शिकवलं. घाई करू नको, शेवटचा शब्द गिळू नको, समोरच्याच्या डोळ्यांत बघ. माझं मराठी ही त्यांची देणगी आहे. पण तेलुगू टाकून दे असं त्यांनी मला कधीही सांगितलं नाही. ते माझं मीच ठरवलं, आणि कुणाला न विचारता.

लातूरला नोकरी लागली तेव्हा इथं मला ओळखणारं कुणी नव्हतं. शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडे येऊ लागलं. भाषा दिन तर माझ्या बापाचीच जहागीर असल्यासारखा. पहिल्याच वर्षी एका सहकाऱ्यांनी विचारलं, "बाई, तुमी मूळच्या पुण्याकडच्या का हो? लई शुद्ध बोलता." 'नांदेडची' म्हणायला काय जात होतं? मी नुसती हसले. ते हसणं मग पुढं दहा वर्षं पुरलं. नवऱ्याच्या घरची तेलुगू दोन पिढ्यांपूर्वीच सुटलेली, त्यामुळे घरूनही कुणी माझं बिंग फोडणारं नव्हतं.

वडील गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली आणि मी तिला नियम सांगितले. जिन्यात मराठी बोलायचं. फोनवर हळू बोलायचं. पाहुणे आले की 'या, बसा' एवढंच, बाकी मी बघते. आईला तेलुगू येते, दखनी येते, मराठी तिच्या पद्धतीनं येते, कामापुरती कानडीसुद्धा येते. सही मात्र येत नाही. मी नियम सांगत होते तेव्हा ती भाजी निवडत होती. तिनं मान हलवली. पुढच्या दोन-तीन वर्षांत ती हळूहळू गप्प झाली, आणि मी सगळ्यांना सांगायचे की आईचं आता वय झालं.

फक्त दाराच्या आत आमचं जुनंच चालू होतं. शाळेतून आले की चपला काढता काढता मी दारातूनच ओरडणार, "अम्मा, नीळ्ळु इय्यी." आई, पाणी दे. एवढं एक वाक्य मला मराठीत कधी जमलंच नाही. तहान लागली की तेच तोंडातून येतं.

तर त्या चौतीसांत एक मुलगी होती. सहा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, परकर-पोलकं. वडील डाळमिलमध्ये हमाल, आई तिथंच डाळ निवडायला. देगलूरच्याही पलीकडे, तेलंगणाच्या हद्दीतल्या गावाहून आलेली माणसं. नाव घालायला आले तेव्हा वडील म्हणाले, "पोरगी हुशार हाय म्याडम. जरा संबाळून घ्या." त्यांच्या बोलण्याखालचं तेलुगू मला पहिल्याच वाक्यात ओळखू आलं. तसं म्हटलं असतं तर त्या माणसाचा चेहरा किती खुलला असता, हे मी आज जाणते. मी म्हटलं, "आधारची झेरॉक्स आणली का?"

मुलगी दाराजवळ बसायची आणि बोलायची नाही. फळ्यावरचं अक्षर वहीत असं उतरवायची की बघत राहावं, पण ते अक्षर कोणतं म्हणून विचारलं की माझ्या तोंडाकडे बघायची. मी तिच्याशी प्रेमानं वागले. हे मी बचाव म्हणून सांगत नाही. प्रेमानं वागूनही माणूस काय करू शकतं, ते सांगते आहे.

श्रावणातली गोष्ट असेल. मुख्याध्यापक हजेरीचा आकडा विचारायला वर्गाच्या दारात उभे होते. ही मुलगी उठून माझ्या टेबलापाशी आली आणि हळूच तेलुगूत म्हणाली की मला बाहेर जायचंय, लघवीला. मला शब्दन् शब्द समजला. बाकीची लेकरं करंगळी वर करून 'बाई, एकीला जाऊ?' म्हणतात, हिला ते कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवायचं काम माझं होतं. मुख्याध्यापक बघत होते. मी म्हटलं, "मराठीत सांग."

तिनं तेच परत सांगितलं, आणखी हळू.

"मराठीत सांग, बाळा."

मी 'बाळा' म्हटलं होतं, ते मला नीट आठवतं. ती तिथंच उभी राहिली, आणि मग तिच्या परकराखाली फरशी ओली झाली. वर्ग हसला. मी मावशींना पुसायला बोलावलं आणि मुख्याध्यापकांकडे वळून म्हणाले, "काय करणार सर, सांगतच नाही हो ती काही." माझ्या आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले असेन, पण या वाक्याइतकं नीच दुसरं आठवत नाही. ते म्हणतानाही माझा शेवटचा शब्द गिळला गेला नाही.

दिवाळीनंतर विशेष शिक्षक शाळेत आले. मागे पडलेल्या मुलांची चाचणी घेऊन, कुणाला वेगळी मदत लागते ते ठरवून नावं वर पाठवायची, हे त्यांचं काम. माणूस सज्जन होता, लेकरांना आधी गोळ्या द्यायचा. तिला त्यांनी चित्रांची कार्डं दाखवली. "हे काय आहे? आंबा कुठला? पोपट दाखव. यातले पाच खडे मला दे." ती प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे बघायची आणि मग खाली. त्यांनी माझा तक्ता पुढे ओढला, अकराव्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "घरी मराठीच ना बाई? तसं नसलं तर ही चाचणी घेण्यात अर्थ न्हाई."

माणसानं याहून सोपं करून विचारायचं तरी कसं? पण मी काय विचार केला? नाही म्हटलं तर तक्ता खोटा ठरेल. तक्ता खोटा का, म्हणतील. ती तेलुगू बोलते हे तुम्हाला कसं कळलं, म्हणतील. पुण्याकडच्या बाईंना तेलुगू कशी काय कळते, म्हणतील. एवढं सगळं एका क्षणात डोक्यात आलं, आणि ती पोरगी मात्र त्यात कुठंच आली नाही.

"हो," मी म्हटलं, "मराठीच."

त्यांनी कागदावर 'गतिमंद, पुढील तपासणी आवश्यक' असं लिहिलं. हा शिक्का एकदा लागला की लेकराच्या दाखल्याबरोबर शाळेशाळेतून फिरतो, हे आम्हा शिक्षकांना पक्कं माहीत असतं. बाई बघतात ते आधी शिक्का आणि मग मूल. मीही तसंच बघत आले आहे.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेत यायची बंद झाली. चार दिवसांनी वडील आले, मिलमधून तसेच, अंगावर डाळीची धूळ. "शाळेचं नाव काढलं की रडून राहिली म्याडम. घरी लई बडबडी हाय हो. आमाला झोपू देत न्हाई येवढं बोलती. हितंच काय होतंय, काय की." मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "सरांनी डोकं कमी हाय म्हून लिवलं म्हणे. खरं हाय का ते?"

मी म्हटलं, "बघू. पाठवत जा तिला."

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत नळ यायचा दिवस होता. लातूरकरांना नळाचा दिवस म्हणजे काय ते सांगायला नको. हातातलं सगळं बाजूला ठेवून आधी पाणी. आई खाली उतरून भरायची आणि दुसऱ्या मजल्यावर घागरी चढवताना तिचा जीव जायचा. मला माहीत नव्हतं की गेले काही नळ एक बाई तिच्या घागरी वर आणून देत होती, आणि त्या बदल्यात आई तिला चहा पाजून मनसोक्त तेलुगू बोलून घेत होती. माझ्या नियमांत नळाचा उल्लेख राहून गेला होता.

शाळा सुटल्यावर जिना चढत असताना वरून एका लेकराचा आवाज येत होता. नुसता धबधबा. मधेच आई हसत होती, नांदेडच्या भिंतीला लागून हसायची तसं. इतक्या दिवसांत मी तिचं ते हसणं ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं नव्हतं हेही मला तिथं जिन्यातच कळलं. कुणी आलं असेल म्हणत मी दारात चपला काढल्या आणि सवयीनं ओरडले, "अम्मा, नीळ्ळु इय्यी."

आतला आवाज बंद झाला.

ती माझ्या स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती. मांडीवर मुरमुऱ्यांची वाटी, वेण्या सुटलेल्या. तोंड उघडं ते तसंच राहिलेलं. आईला काहीच ठाऊक नव्हतं. ती आनंदात तेलुगूत म्हणाली, "ही बघ, खाली पाणी भरते ना, तिची पोर. अगं, ही पण तुझ्याच शाळेतली आहे म्हणे. केव्हाची सांगते आहे, आमच्या बाई चांगल्या आहेत, अक्षर सुंदर आहे, मारत नाहीत. बाईकि तेलुगू रादु, म्हणते. बाईंना बिचाऱ्यांना आपली भाषा येतच नाही, त्या तरी काय करणार?"

म्हणजे त्या पोरीनं मला माफ करून टाकलं होतं. तिच्या हिशेबी मी एक अडाणी बाई होते, न येणारी गोष्ट कुठून आणणार? वर्गात ओली झाली, सगळे हसले, तरी घरी जाऊन तिनं माझीच बाजू घेतली होती. आणि आत्ता तिनं मला पाणी मागताना ऐकलं.

ती रडली नाही. वाटी खाली ठेवली, परकराला लागलेले मुरमुरे वेचून वाटीत टाकले, उठली आणि माझ्या बाजूनं, मला अंग लागू न देता, जिना उतरून खाली तिच्या आईकडे गेली. मला अशी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती. हातात पर्स तशीच होती.

आईला मी सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "तुला कळत होतं?" मी मान हलवली. मग म्हणाली, "माझं ठीक आहे, बिड्डा. मी म्हातारी. गप्प बसले तर कुणाचं काय अडतं? तिचं तर आत्ता सुरू व्हायचंय." बिड्डा म्हणजे लेकरू. तिनं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

सकाळी मी मुख्याध्यापकांना सांगितलं की तक्ता चुकीचा आहे आणि मला तो दुरुस्त करायचाय. ते म्हणाले, "खाडाखोड चालत न्हाई बाई." मी म्हटलं, "एक रेघ मारून बाजूला सही केली तर चालते." तीन दिवस शाळा सुटल्यावर मी घराघरांतून हिंडले, घरी काय बोलता ते विचारत. एका पत्र्याच्या खोलीत एका म्हातारीनं मला आधी नीट बसायला पोतं टाकलं आणि मग काळजीनं उलट विचारलं, "तुमाला कंची चालंल, बाई? तीच लिवा." माझ्या आधी किती बायांनी तिला हे शिकवून ठेवलं असेल! मी चौतीस सह्या केल्या. त्यातल्या काही ठिकाणी 'वरीलप्रमाणे'च्या रेघा खोडून 'मराठी'च लिहावं लागलं, पण विचारून लिहिलं.

विशेष शिक्षकांना फोन करून म्हटलं, "सर, मी तुम्हाला खोटं सांगितलं. ती तेलुगू बोलते, आणि मलाही येते." ते म्हणाले, "नाव वर गेलंय बाई. पण मी परत येतो." शिव्या दिल्या असत्या तर ऐकून घेतल्या असत्या. त्यांनी दिल्या नाहीत.

ते आले त्या दिवशी तिचे वडील तिला कडेवर घेऊन आले. मी कार्ड पुढे धरलं आणि सगळ्यांसमोर, मुख्याध्यापकांसमोर, तेलुगूत विचारलं, हे काय आहे? ती गप्प. दुसरं कार्ड. गप्प. सर माझ्याकडे बघायला लागले. तिला येत होतं, मला माहीत होतं. पण मला सांगायचं नव्हतं तिला. शेवटी मी घरी जाऊन आईला घेऊन आले. आयुष्यात पहिल्यांदा शाळेच्या बाकावर बसलेली माझी आई पदर सावरून म्हणाली, "दा बिड्डा," ये बाळ, आणि पोरगी जाऊन तिच्या गुडघ्याला टेकली. आंबा, पोपट, पाच खडे, सात खडे, मोठा डबा, लहान डबा, सगळं सांगितलं. वर आईलाच विचारलं की पोपटाला पाय का काढले नाहीत. सरांनी खरोखरच कार्ड आपल्याकडे वळवून बघितलं. पाय नव्हते.

शिक्का निघाला. त्याला दोन महिने आणि तीन पत्रं लागली, पण निघाला.

ज्याची मला एवढी भीती वाटत होती त्याचं काय झालं, तेही सांगते. काही झालं नाही. ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "अगं बया, तुमच्या आई तेलुगू बोलतात व्हय? गोड वाटतंय की." आणि त्या जेवणाचा डबा उघडायला लागल्या. दहा वर्षं मी जे लपवलं, ज्याच्यासाठी आईला गप्प बसवलं आणि एका पोरीला वर्गात ओली होऊ दिली, ते एवढंच होतं. डबा उघडण्याइतकंही नव्हतं.

आता ती दुसरीत आहे, माझ्याच वर्गात. दाराजवळ बसत नाही. मराठी अशी उचलली की आता तिला गप्प करावं लागतं, आणि हेल थेट लातूरचा. माझ्या घरी ती नळाच्या दिवशी येते, आईजवळ बसून तेलुगूत गोष्टी सांगते. मी दारात दिसले की थांबते. मी आता जिन्यातूनच जरा मोठ्यानं खोकते, म्हणजे तिला वाक्य पुरं करता येतं.

परवा वजाबाकीत तिचं काहीतरी अडलं होतं. मी तिच्याजवळ बाकावर बसले आणि हळूच तेलुगूत समजावायला लागले, हातचा कसा घ्यायचा ते. बाकीची मुलं ऐकत होती, मला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट बरं वाटत होतं. तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मी तिला शिकवलं होतं तसं, डोळ्यांत बघून, घाई न करता, शेवटचा शब्द न गिळता ती म्हणाली, "बाई, मराठीत सांगा."

मी मराठीत सांगितलं.